हलक्या फोमचं आरसी विमान: मराठवाड्यातल्या नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर असो, परभणी असो की जालन्याजवळचं एखादं खेडं, फोमचं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं विमान बनवायला बसलेल्या माणसाला अडचणी साधारण त्याच येतात. माहिती बहुतेक परदेशी मैदानं, परदेशी हवा आणि परदेशी दुकानं धरून दिलेली असते. आपल्याकडे काळी जमीन, मे महिन्यातलं ४२-४३ अंशांचं ऊन आणि तालुक्याच्या गावात मिळेल तेवढंच सामान. म्हणून ही उत्तरं इथलं रान आणि इथली हवा धरून दिली आहेत.

फोम नेमका कुठला घ्यावा?

नावावर जाऊ नका, वजन काट्यावर बघा. विमानाला लागतो तो डेप्रॉन किंवा त्याच जातीचा एक्सपीएस फोम, ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीचा. त्याचा एक चौरस मीटर २०० ते २५० ग्रॅम भरतो. फ्लेक्स-बॅनरच्या दुकानात 'सनबोर्ड' म्हणून जी शीट देतात ती बहुतेक वेळा पीव्हीसीची असते. ५ मिलिमीटरला तिचा चौरस मीटर अडीच किलोच्या घरात जातो. दिसायला दोन्ही पांढरेशुभ्र आणि गुळगुळीत, पण वजनात दहापटीचा फरक. कितीतरी पहिली विमानं सनबोर्डमुळेच जमिनीवरून उठत नाहीत आणि पोरं दोष मोटरला देतात.

दुकानात शीट हातात घ्या, नखाने दाबून बघा. एक्सपीएसवर नखाचा खड्डा पडतो, पीव्हीसीवर सहसा ओरखडाच उठतो. शंका असेल तर शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. कोणी नाही म्हणत नाही.

टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल हलका असतो, पण त्याचे दाणे सुटतात आणि तो वाकला की मोडतो. गरम तारेने कापून, वरून पारदर्शक चिकटपट्टी ओढली तर पंखाचा गाभा म्हणून मात्र छान चालतो. ईपीपी फोम आपटला तरी दबून पुन्हा आकारात येतो. शिकायला तो उत्तम, फक्त मऊ असल्याने पंखात कार्बनची नळी किंवा बांबूची कामटी घालावीच लागते.

वजनाचा एवढा आग्रह कशासाठी? मोठी मोटर लावली तर भागणार नाही का?

उडेल, पण शिकता येणार नाही. हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुढची अर्धी उत्तरं याच्यावरच उभी आहेत.

पंख तोच ठेवून विमानाचं वजन दुप्पट केलं, तर हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग सुमारे १.४ पट होतो. मीटरभर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंखाचं ४५० ग्रॅमचं विमान ताशी २३-२४ किलोमीटर वेगालाही तरंगत राहतं. तेच ९०० ग्रॅमचं झालं की त्याला ३२-३३ लागतात. सायकल जोरात हाणणारा पोरगा आणि मोपेड यांच्यात जेवढा फरक, तेवढा. आणि आपटताना त्याच्या अंगात असलेली ऊर्जा चौपट होते: वजन दुप्पट आणि वेगाचा वर्गही दुप्पट. म्हणून हलकं विमान ढेकळात पडलं की उचलून, झटकून पुन्हा फेकता येतं. जड विमानाची मोटरची पाटी मोडते, सर्व्होचे, म्हणजे शेपटीच्या पाट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचे दात जातात, बॅटरी चेपते.

मोठी मोटर लावली की मोठी बॅटरी लागते, मोठ्या बॅटरीला जाड बॉडी लागते, आणि वजन पुन्हा वाढतं. या चक्रात शिरूच नका.

मग किती वजन धरावं?

पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरमागे २० ते २५ ग्रॅम. वर सांगितलेला पंख २० चौरस डेसिमीटरचा, म्हणजे सगळं मिळून ४०० ते ५०० ग्रॅम. हिशेब असा बसतो: मोटर पन्नासेक, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) २५, बॅटरी ९०, दोन सर्व्हो १८, रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा) आणि प्रॉप (मोटरवरचा पंखा) मिळून ३०, पुशरॉड (सर्व्होपासून पाटीपर्यंतची काडी), हॉर्न (काडी अडकवायचा पाटीवरचा तुकडा) आणि मोटरची प्लायवूड पाटी २५, फोम १३०, गोंद आणि पट्टी ४०. बेरीज ४१० च्या आसपास येते.

यातला गोंदाचा आकडा सगळ्यात आधी हाताबाहेर जातो. ग्लू गनची ११ मिलिमीटर जाडीची, वीतभर लांब कांडी १८ ग्रॅमच्या आसपास असते. तीन कांड्या ओतल्या की तुम्ही एक जादा मोटर विमानावर लादलेली असते. चिकटपट्टी मात्र मीटरला दोनेक ग्रॅमच. जिथे पट्टीने काम होतं तिथे गोंद लावू नका.

मोटर, ईएससी आणि बॅटरी कुठली?

२२१२ आकाराची १००० केव्हीची ब्रशलेस मोटर, ३० अँपिअरचा ईएससी, १० बाय ४.५ चा प्रॉप आणि थ्री-एस म्हणजे तीन सेलची, ११.१ व्होल्टची १००० एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे, प्रॉप न लावता. ही जुळणी जागेवर ७००-८०० ग्रॅमचा ओढा सहज देते, म्हणजे आपल्या विमानाला अर्ध्या थ्रॉटलवरही, म्हणजे मोटरच्या वेगाची स्टिक निम्मी ठेवली तरी, पुरून उरते. सावकाश उडवलं तर सहा-सात मिनिटं मिळतात. २२०० एमएएचची बॅटरी लावून वेळ वाढवायचा मोह होतो, पण ती ९०-१०० ग्रॅमने जड असते. त्यापेक्षा लहान बॅटऱ्या दोन घ्या.

मोटर उलटी फिरली तर तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा. आणि घरात चाचणी घेताना प्रॉप काढलेलाच हवा. हा प्रॉप बोट उघडं पाडतो. ज्याने एकदा पाहिलंय तो पुन्हा विसरत नाही.

सगळा खर्च किती येतो?

दर सतत हलतात, पण सगळं नवीन घेतलं तर आठ ते दहा हजार धरा. यातला निम्मा भाग रिमोटचा असतो, आणि तो पुढच्या प्रत्येक विमानाला चालतो. फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा सहा चॅनेलचा रिमोट नवशिक्यांत सर्रास दिसतो. चार-पाच मित्रांनी मिळून रिमोट आणि चार्जर घ्यावा, विमानं ज्याची त्याने बनवावीत. शाळा-कॉलेजच्या गटांना हे फार सोयीचं पडतं.

आमच्या गावात हॉबीचं दुकान नाही. इथेच काय मिळेल?

इलेक्ट्रॉनिक्स बाहेरूनच मागवावं लागेल. लिपो बॅटरीला विमानाच्या कुरिअरवर बंधनं असतात, ती रस्त्याने येते, म्हणून तिची ऑर्डर आठवडाभर आधी टाका. बाकी पुष्कळ काही घराजवळ आहे. जुन्या छत्रीच्या काड्या पुशरॉडला चांगल्या. सायकलचा स्पोकही चालतो, पण तो जड पडतो. बाद झालेलं एटीएम कार्ड कापून कंट्रोल हॉर्न होतात. चाकं पहिल्या विमानाला लावूच नका. काळ्या रानात ती फिरत नाहीत, नुसतं वजन होतं.

गोंद कुठला? फेव्हिक्विक लावला तर फोमला भोक पडलं.

पडणारच. झटपट चिकटणारा साधा गोंद, रबरासारखा पिवळा गोंद आणि स्प्रे पेंट हे तिन्ही थर्माकोल आणि डेप्रॉन खातात. 'फोम-सेफ' लिहिलेला झटपट गोंद मिळतो, तो घ्या. ईपीपीला मात्र साधाही चालतो. लाकूडकामाचा पांढरा फेव्हिकॉल फोमला काही करत नाही, फक्त रात्रभर दाबून ठेवावा लागतो.

ग्लू गन सगळ्यात सोयीची. नोझलमधून आलेला पहिला थेंब पुठ्ठ्यावर टाका, मग फोमवर पातळ रेघ ओढा. उकळता गोंद थेट लावला तर फोम आतून वितळतो आणि सांधा बाहेरून धड दिसत असला तरी आत पोकळ राहतो.

सपाट पाटीचा पंख उडतो का? की पुस्तकात असतो तसा फुगीरच हवा?

सपाटही उडतो. पण थोडी मेहनत घेतली तर फरक जाणवेल असा एक सोपा मार्ग आहे: पंखाच्या पुढच्या अर्ध्या भागावर फोमचा दुसरा थर चिकटवा, म्हणजे वरच्या बाजूला एक पायरी तयार होते. याला केएफ पंख म्हणतात. रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या दोन अमेरिकनांनी कागदी विमानावर खेळता खेळता ही रचना काढली आणि १९७२ मध्ये तिचं पेटंट मिळालं. मोठ्या विमानांना तिचा उपयोग झाला नाही. आपल्या आकाराला मात्र ती लागू पडते, कारण पंख ताठ होतो आणि कमी वेगात विमान एकदम कोसळत नाही. वजन वाढतं वीसेक ग्रॅम, आणि हे वीस ग्रॅम वसूल होतात.

पहिल्या विमानाला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पाट्या, नको. मोटर, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पाटी) आणि रडर (डावीकडे-उजवीकडे वळवणारी उभी पाटी) एवढीच तीन नियंत्रणं ठेवा, पंखाची दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा पाचेक सेंटिमीटर वर उचला. अशा पंखाचं विमान कललं तरी स्टिक सोडल्यावर बऱ्याच वेळा स्वतःच सरळ होतं.

सीजी, म्हणजे विमानाचा तोल राहतो तो बिंदू, कसा काढायचा?

पंखाच्या पुढच्या कडेपासून, रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर. २० सेंटिमीटरच्या पंखाला ५ ते ६ सेंटिमीटर. पंखाखाली दोन्ही बाजूंना साडेपाच सेंटिमीटरवर पेनाने टिंब करा, बॅटरी आत बसवा आणि त्या टिंबांवर दोन बोटांनी विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. शिसं किंवा नटबोल्ट नाकात कोंबण्याची वेळ आली तर समजा शेपटीत गोंद जास्त झालाय.

मग मोटर बंद ठेवून हातानेच फेकून बघा. हरभरा निघालेलं रान किंवा गवताचं गायरान बघा, वारा तोंडावर घ्या आणि विमान समोर सरळ सोडा, वर नको. नाक उचलून, थबकून मग पडलं तर मागून जड आहे. सरळ जमिनीत घुसलं तर पुढून जड. दहा-पंधरा पावलं सरळ तरंगत गेलं की अर्धं काम झालं. ही चाचणी सोडून थेट थ्रॉटल वाढवणाऱ्यांचीच विमानं पहिल्या पाच सेकंदांत जातात.

हिवाळ्यात छान उडायचं, मे महिन्यात तेच विमान जड का वाटतं?

कारण हवा विरळ झालेली असते. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून वर आहे. तिथे डिसेंबरच्या सकाळी १२ अंशांना हवेची घनता घनमीटरला १.१६ किलोच्या जवळपास असते. मेच्या दुपारी ४२ अंशांना ती १.०५ वर येते. म्हणजे पंखाला आणि प्रॉपला धरायला सुमारे दहा टक्के हवा कमी. उतरताना वेग थोडा जास्त ठेवा.

उन्हाचे दुसरे दोन त्रास याहून मोठे आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत विमान ठेवलं तर हॉट ग्लू मऊ पडतो आणि शेपूट तिरकी होते. वापरण्याआधी पंख आणि शेपूट समोरून एका रेषेत आहेत का ते डोळ्यांनी तपासा. लिपो तर बंद गाडीत कधीच ठेवू नका, ६० अंशांच्या वर ती कायमची बिघडते. मार्च ते मे दुपारी नांगरलेल्या रानावर वावटळी उठतात. सकाळी साडेनऊच्या आत घरी परता.

उडवायला जागा कुठली बरी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सकाळ हा आपला खरा हंगाम. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघतं, ते रान मोकळं आणि मऊ मिळतं. गायरान, माळरान, सुट्टीच्या दिवशी शाळेचं मोठं मैदान, हेही चांगलं. ज्वारी काढलेल्या वावरातली धसकटं फोमचं पोट फाडतात आणि पऱ्हाट्या उभ्या असतील तिथे पंख टिकत नाही. ऊस किंवा उभी तूर शेजारी असेल तर विमान तिकडे जाऊच देऊ नका, आत पडलेलं पांढरं विमान दहा फुटांवरूनही दिसत नाही. पंखाचं पोट भडक नारिंगी किंवा काळं रंगवलं तर शोधायलाही सोपं आणि आकाशात ओळखायलाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी आहेत. उडवणारा माणूस वर बघत मागे मागे सरकतो. आधी सगळं रान चालून बघा, विहीर किती लांब आहे ते ध्यानात ठेवा आणि उभं राहायची जागा आखून घ्या. तिथून पाय हलवायचा नाही. शेजारी एक जण नुसता जमिनीवर लक्ष ठेवायला हवा. विमान शेततळ्यात पडलं तर आत उतरू नका. प्लास्टिकचा कागद शेवाळाने निसरडा होतो, पोहणाऱ्यालाही काठावर चढता येत नाही. दोरीला गळ किंवा काटेरी फांदी बांधून ओढा, नाहीतर सोडून द्या.

वारा बघायचा तर कडुनिंब बघा. पानंच सळसळत असतील तर उडवा, बारीक फांद्या सतत हलत असतील तर नवशिक्याने त्या दिवशी थांबावं.

विजेच्या तारेवर अडकलं तर?

बांबूने काढायला जाऊ नका. लाइनमनला कळवा. डीपीच्या कुंपणातही शिरायचं नाही.

परवानगी लागते का?

ड्रोन नियम २०२१ हे ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत आणि रिमोटवर उडणारं फोमचं विमानही त्यांच्या कक्षेत येतं. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. आपलं विमान मायक्रोत बसतं. हौसेसाठी, म्हणजे व्यावसायिक काम न करता मायक्रो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. आकाशाचे हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवायचं नाही. म्हणजे चिकलठाणा किंवा नांदेड विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी शहराबाहेर लांब जावं. विभाग बदलू शकतात, म्हणून निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून आपलं गाव बघा. नोंदणीचे सध्याचे नियमही सरकारी पोर्टलवरच वाचा. विमान कायम डोळ्यांना दिसेल इतकंच लांब न्या. शिकताना ३०-४० मीटर उंची भरपूर झाली.

गावात लोक संशयाने बघतात. काय सांगावं?

संशयाला कारण आहे. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी बीड, जालना, संभाजीनगर भागातली गावं धास्तावली होती, लोक जागता पहारा देत होते. म्हणून आधी रानाच्या मालकाला विचारा, सरपंच आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. शहराजवळ असाल तर पोलीस ठाण्यात सांगून ठेवा. रात्री उडवू नका आणि कॅमेरा लावू नका. बांधावर कोणी काका येऊन "हे फवारणीचं हाय का?" असं विचारतीलच. त्यांना विमान हातात द्या, किती हलकं आहे ते बघू द्या. दुसऱ्या दिवशी तेच नातवाला घेऊन येतात.

संक्रांतीच्या आसपास मात्र गावावरून उडवू नका. मांजात प्रॉप अडकला की विमान कुणाच्या डोक्यावर पडेल सांगता येत नाही.

पहिल्या उड्डाणाला काय काय तपासावं?

आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट. रडर उजवीकडे दिलं की मागून बघताना पाटी उजवीकडे वळली पाहिजे, स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद होईल असा फेलसेफ लावा आणि घरीच रिमोट बंद करून तो चालतो का बघा, अर्थात प्रॉप काढून. प्रॉपची आकडे लिहिलेली बाजू पुढे हवी. थ्रॉटल दिल्यावर विमान नाक वर घेत असेल तर वरच्या दोन स्क्रूंवर, मोटर आणि पाटीच्या मधे वॉशर घाला, म्हणजे मोटर दोन-तीन अंश खाली बघेल.

फेकायला मित्र हवा. वाऱ्याच्या तोंडावर, दोन तृतीयांश थ्रॉटल, सरळ समोर. तुमची दोन्ही बोटं स्टिकवरच राहू द्या. वर चढलं की थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि मोठ्या, सैल गिरक्या घ्या. त्याआधी फोनवर पिकासिमसारख्या मोफत सिम्युलेटरवर हात बसवला असेल तर मोडतोड पुष्कळ वाचते.

विमान समोरून आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं. सवय कशी लावायची?

जो पंख खाली झुकलेला दिसतो, स्टिक त्याच बाजूला न्या. एवढंच लक्षात ठेवा.

लोडशेडिंगमध्ये बॅटरी चार्ज कशी करायची?

बी६ प्रकारचा चार्जर १२ व्होल्टवर चालतो, ट्रॅक्टरच्या बॅटरीला चिमटे लावून शेतातही चार्ज होतं. ट्रॅक्टर त्या वेळी बंद असू द्या. १००० एमएएचला १ अँपिअर, नेहमी बॅलन्स मोडमध्ये, म्हणजे सगळे सेल सारखे भरतात. उघड्या शहाबादी फरशीवर ठेवून, शेजारी वाळूची बादली घेऊन, स्वतः तिथे बसून. गादीवर, कपाटात किंवा झोपताना कधीच नाही.

प्रत्येक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. ३.५ च्या खाली जाऊ न देता उतरवा. आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा, भरलेली ठेवली तर फुगते. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही, टोचायची नाही. पूर्ण उतरवून ई-कचऱ्यात द्यायची.

मुलगा सातवीत आहे. जमेल का?

बनवायला नक्की जमेल. ब्लेड, ग्लू गन, चार्जिंग आणि प्रॉप यांच्याजवळ मोठं माणूस हवं. त्याआधी मोटर नसलेलं, हाताने फेकायचं फोमचं ग्लायडर बनवून घ्या. सीजी त्यातच कळतो. पुढे कॉलेजात एनसीसीच्या हवाई विभागात गेला तर तिथे एरोमॉडेलिंग असतंच.

पहिलं विमान पार चेंदामेंदा झालं. दुसरं कुठलं बनवू?

तेच पुन्हा बनवा. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर काढून घ्या, जुना फोम समोर ठेवून कुठे गोंद जास्त पडला ते बघा आणि नवं ३० ग्रॅमने हलकं करा. फोमचा खर्च शे-दोनशेच्या आतबाहेर असतो. ते नीट उतरवता येऊ लागलं की मग फ्लाइंग विंगकडे जा: शेपूट नाही, दोनच सर्व्हो, ईपीपीचं केलं तर धसकटांनाही दाद देत नाही. त्याचा सीजी मात्र बराच पुढे, सरासरी रुंदीच्या १५ ते २० टक्क्यांवर ठेवावा लागतो आणि रिमोटमध्ये एलेव्हॉनचं (एलेरॉन आणि एलिव्हेटर दोन्हींचं काम करणाऱ्या पाट्यांचं) मिक्सिंग चालू करावं लागतं. एफएस-आय६ मध्ये ती सोय आहे.